भाड्याच्या खोलीत गांजा सापडला, तर रूममेटचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका बाईंचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौघे जण कॉट बेसिसवर राहतात. त्यातल्या एकाच्या कपाटात पोलिसांना गांजा मिळाला. तो मुलगा अटकेत आहे, बाकी तिघांचे मोबाइल जमा झालेत आणि जबाबासाठी बोलावणं आलंय. बाई लिहितात, ‘‘संसदेत गृहमंत्री सांगतात की नशा करणारा हा पीडित आणि विकणारा गुन्हेगार. माझ्या मुलाने नशा केली नाही, विकलं तर मुळीच नाही. मग त्याला कशासाठी बोलावलं? तो आत जाऊ शकतो का?’’

ताई, खरं सांगतो, जाऊ शकतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती शक्यता मला कमी वाटते. पण त्याने काही केलं नाही, एवढ्यावर ती कमी होत नाही. मी अमली पदार्थांच्या खटल्यांत बचावाच्या बाजूने उभा राहतो आणि माझा अनुभव असा, की या कायद्याखाली आधी कपाट बघतात, वजन बघतात, मग माणूस. तुमच्या मुलाचं काय होईल हे ते कपाट कोणाचं होतं आणि ते कोणाचं होतं हे दाखवणारा कागद कोणाकडे आहे, यावर ठरेल.

तुम्ही ज्या चर्चेचा उल्लेख केलाय ती डिसेंबर २०२२ची. लोकसभेत नियम १९३ खाली अमली पदार्थांच्या प्रश्नावर दोन दिवस चर्चा झाली आणि २१ डिसेंबरला अमित शहांनी उत्तर दिलं. व्यसनी माणसाकडे सहानुभूतीने बघावं आणि व्यापार करणाऱ्याला सोडू नये, असा त्या उत्तराचा रोख होता. यावर सभागृहात फारसं दुमतही नव्हतं. अडचण अशी की नियम १९३ च्या चर्चेत मतदान नसतं, ठराव नसतो, कायद्याचा शब्दही बदलत नाही. पोलिस ठाण्यातला अधिकारी ज्या कायद्याने चालतो तो १९८५चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, आहे, आणि त्यात नशा करणं आजही गुन्हाच आहे. कलम २७ प्रमाणे कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत, तर गांजासारख्या इतर पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दंड, किंवा दोन्ही. पीडितासाठी एक छोटी खिडकी आहे, कलम ६४-अ. अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावरचा खटला थांबतो. ही खिडकी उघडायला सांगणारे अर्ज कोर्टात फार कमी येतात. आधी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यावं लागतं, आणि आईवडिलांना तेच नको असतं.

हा कायदा आला कसा, हेही जरा बघा. विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं आणि १४ नोव्हेंबरला कायदा अमलात आला. पहिल्या तारखेपासून दुसरीपर्यंत तीन महिनेसुद्धा नाहीत. त्याआधी ब्रिटिशांच्या वेळचे अफूचे कायदे आणि १९३०चा डेंजरस ड्रग्ज कायदा होता, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं होती. तिथून एकदम किमान दहा वर्षांवर उडी. १९८९ मध्ये जामिनावर कुलूप आलं आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांना सक्तीची फाशीसुद्धा आली. त्या सक्तीला २०११ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ‘दिलीच पाहिजे’ ऐवजी ‘देता येईल’ असं वाचून बोथट केलं. संसदेला तो बदल कायद्यात उतरवायला २०१४ उजाडलं. प्रमाणानुसार शिक्षा, म्हणजे अल्प, मधलं आणि व्यापारी, हा विवेक तर २००१ मध्ये सुचला. तोवर सोळा वर्षं पुडीवाल्याला आणि पोतंवाल्याला जवळपास एकच माप होतं.

गांजाचं आजचं माप असं: एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. अल्पला वर्षापर्यंत कैद, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारीला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. एमडी म्हणजे मेफेड्रॉनचं गणित याहून फार कडक आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प आणि पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी. म्हणून सगळ्यात आधी पंचनाम्याची प्रत मिळवा आणि वजनाचा आकडा वाचा.

आता वजन कसं होतं ते सांगतो, कारण इथेच मुलांचं आयुष्य इकडचं तिकडे होतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात पंचनाम्यात वजन होतं एक किलो चाळीस ग्रॅम. छाप्याच्या वेळी इलेक्ट्रॉनिक काटा होता, पिशवी उचलली, काट्यावर ठेवली, आकडा लिहिला. पिशवी प्लॅस्टिकची, आत काड्या, पाला, बिया, शेंडे सगळं एकत्र. त्या चाळीस ग्रॅममुळे शिक्षेची कमाल मर्यादा एका वर्षावरून दहा वर्षांवर गेली. कायद्यातली गांजाची व्याख्या मात्र वेगळंच सांगते. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे, आणि शेंड्यांबरोबर नसतील तर बिया आणि पानं त्यात धरायची नाहीत. (होळीला जी भांग उघडपणे घोटली जाते ती याच फटीतून कायद्याबाहेर राहिलीय.) सरकारी वकील म्हणणार की शेंड्यांबरोबर होती, तर सगळंच वजन धरा. शिवाय २०२०च्या हिरा सिंग निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मिश्रणात निरुपद्रवी पदार्थ असला तरी एकूण वजन मोजायचं. आम्ही म्हणणार की पाला म्हणजे मिश्रण नव्हे, आणि पिशवी तर नव्हेच नव्हे. वेगळं करून वजन केलेलं नाही, तर एक किलोच्या वर होतं हे सिद्ध कसं झालं? जामिनाच्या टप्प्यावर हा युक्तिवाद बऱ्यापैकी चालतो. पण तो करायला पंचनाम्यात ‘पिशवीसह’ हा शब्द आहे की नाही, हे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचलेलं असावं लागतं.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. त्याच्यावर तीन बाजूंनी कलम येऊ शकतं.

पहिली बाजू ताब्याची. कलम ३५ आणि ५४ मिळून असं गृहीत धरतात की ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याला त्याची जाणीव होती, आणि नव्हती हे त्यानेच दाखवायचं. ऐकायला भयंकर वाटतं आणि आहेही. पण सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या नूर आगा निकालात एक आधार दिलाय. आधी ताबा होता ही मूळ गोष्ट सरकार पक्षाने सिद्ध करायची, मग गृहीतक लागू होणार. चौघांच्या फ्लॅटमध्ये, एकाच्या कुलूपबंद कपाटात मिळालेला माल बाकी तिघांच्या ताब्यात नसतो. हॉलमधल्या सोफ्याखाली किंवा फ्रिजवर मिळाला असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

इथे राहण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न थेट फौजदारी होतो. कॉट बेसिस म्हणजे काय, तर मालक किंवा मधला एजंट खाटेमागे पैसे घेतो, डिपॉझिट रोख, करार एकाच्याच नावावर किंवा कोणाच्याच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं असंही त्यात आहे. हे कलम भाड्याच्या भांडणासाठी लिहिलंय, पण कोणती खोली, कोणतं कपाट कोणाकडे, हे सांगणारा कागद फौजदारी कोर्टात सोन्यासारखा असतो. तो नसला की पंचनाम्यात ‘आरोपी राहत असलेल्या फ्लॅटमध्ये’ एवढंच येतं आणि आरोपीच्या जागी चारही नावं बसतात. करार तुमच्या मुलाच्या एकट्याच्या नावावर असेल तर जास्त सांभाळून राहा. कलम २५ प्रमाणे ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याने जाणूनबुजून ती गुन्ह्यासाठी वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तिथे तुमच्या बाजूने आहे. तो निसटू देऊ नका.

विद्यार्थ्यांच्या राहण्याबद्दल संसदेत बोललं जात नाही असं नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या राजिंदर नगरात कोचिंगच्या तळघरात पाणी भरून तीन विद्यार्थी गेले, तेव्हा दोन दिवसांत राज्यसभेत त्यावर चर्चा झाली. त्याच्या महिनाभर आधी जीएसटी परिषदेने दरमहा वीस हजारांपर्यंतच्या आणि किमान नव्वद दिवसांच्या वसतिगृह-निवासाला करातून सूट द्यायची शिफारस केली होती. गंमत अशी की एनडीपीएस कायदाही अर्थ मंत्रालयाच्याच महसूल विभागाकडे आहे. म्हणजे तुमच्या मुलाच्या खाटेवरचा कर आणि शेजारच्या खाटेखालच्या पुडीचा कायदा, दोन्ही एकाच मंत्रालयात. तरीही खाट कोणाच्या नावावर आहे, हा साधा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नाही.

दुसरी बाजू कलम २७-अ ची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते. अवैध व्यापाराला पैसा पुरवणं किंवा त्यात गुंतलेल्याला आसरा देणं, शिक्षा दहा ते वीस वर्षं. मोठ्या तस्करांच्या सावकारांसाठी १९८९ मध्ये आणलेलं हे कलम. पण कायद्यातली अवैध व्यापाराची व्याख्या वाचा. तिच्यात विक्री आहे तशी खरेदीही आहे, बाळगणं आहे, सेवनसुद्धा आहे, आणि त्यासाठी जागा भाड्याने देणंही आहे. आता फ्लॅटमधलं चित्र डोळ्यांसमोर आणा. शनिवारी चौघांची काँट्री निघते, पिझ्झ्याची, पेट्रोलची, आणि एखाद्याच्या पुडीचीही. तीनशे रुपये गूगल पे ने गेले, खाली कोणीतरी गमतीने पानाचं चित्र टाकलं. पैसा आला, आसराही आला. फोन जमा झालेत म्हणता, तर तपास याच दिशेने बघणार हे धरून चाला.

अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या प्रकरणात हाच मुद्दा होता. ७ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटलं की एखाद्याच्या वैयक्तिक सेवनासाठी पैसे देणं म्हणजे अवैध व्यापाराला वित्तपुरवठा नव्हे. हा निकाल आमच्या फार उपयोगाचा. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जामिनाला हात न लावता कायद्याचा प्रश्न खुला ठेवला, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकता येत नाही. आणि उच्च न्यायालयाच्या त्याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे जी वकील मंडळी कमी सांगतात: या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, अगदी अल्प प्रमाणाचेही. अल्प प्रमाणात जामीन मिळतो, पण तो कोर्टाकडून मिळतो, ठाण्यातून नाही.

संसदेचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर या २७-अ ची जन्मकुंडली ऐकाच. हे कलम स्वतः व्याख्या देत नाही, कलम २ मधल्या एका उपखंडाकडे बोट दाखवतं. २०१४ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन सहज मिळावं म्हणून संसदेने चांगल्या हेतूने दुरुस्ती केली आणि ‘अत्यावश्यक अमली औषध’ अशी नवी व्याख्या घुसवली. नव्या व्याख्येला जुन्या उपखंडाचा क्रमांक दिला आणि जुन्याला पुढे सरकवलं. २७-अ मात्र जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. म्हणजे १ मे २०१४ पासून वीस वर्षांची शिक्षा सांगणारं कलम भलत्याच व्याख्येकडे निर्देश करत होतं. सात वर्षांहून अधिक काळ या कलमाखाली माणसं अटक होत राहिली, जामीन नाकारले गेले, रिया प्रकरणातही ते लागलं. शेवटी २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने केंद्राला दुरुस्ती करायला सांगितलं. ३० सप्टेंबर २०२१ ला वटहुकूम निघाला. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत कॉर्डेलिया या क्रूझ जहाजावर अमली पदार्थांसाठी तो गाजलेला छापा पडला, हा निव्वळ योगायोग.

डिसेंबरमध्ये विधेयक लोकसभेत आलं, १३ तारखेला मंजूर झालं, २० तारखेला राज्यसभेत. निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या त्या विधेयकात खरं म्हणजे एका क्रमांकाचीच दुरुस्ती होती. पण ती १ मे २०१४ पासून लागू धरायची होती. विरोधी सदस्यांनी नेमका प्रश्न विचारला: कृत्य घडताना कायद्याने ज्याला गुन्हा ठरवलं नव्हतं त्यासाठी शिक्षा देता येत नाही, असं घटनेचं अनुच्छेद २० सांगतं, मग फौजदारी कायदा मागच्या तारखेने कसा? सरकारचं उत्तर होतं की हा नवा गुन्हा नाही, फक्त लेखनातली चूक सुधारतोय. माझ्या मते आक्षेप जास्त वजनदार होता. आरोपीच्या पंचनाम्यात वेळ चुकली तर आम्ही ती धरून बसतो म्हणून आम्हाला ‘टेक्निकल’ म्हणून हिणवतात, आणि सार्वभौम संसदेच्या कायद्यातला चुकीचा आकडा मात्र मागच्या तारखेने गिळायचा!

पोलिस २७-अ लावायला उत्सुक का असतात, याचं कारण शिक्षेत कमी आणि मुदतीत जास्त आहे. हे कलम लागलं की दोषारोपपत्रासाठी साठऐवजी १८० दिवस मिळतात, तेही वर्षापर्यंत वाढवता येतात, आणि जामिनाला कलम ३७ ची दुहेरी अट लागते. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो बाहेर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींबद्दल न्यायाधीशाची खात्री पटायला हवी. खटला सुरू व्हायच्या आधी! व्यापारी प्रमाणालाही हेच. सर्वोच्च न्यायालयासमोर मार्च २०२३ मध्ये आलेल्या मोहम्मद मुस्लिम प्रकरणातला आरोपी अटकेच्या वेळी तेवीस वर्षांचा होता आणि खटला न संपता सात वर्षांहून जास्त काळ आत होता. खटला इतका रेंगाळत असेल तर कलम ३७ जामिनाच्या आड येऊ शकत नाही असं न्यायालयाने सांगितलं, पण तोवर त्या पोराची सात वर्षं गेलीच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. यापुढे निर्दोष सुटणं या शब्दाला कितीसा अर्थ उरतो, ते तुम्हीच ठरवा.

तिसरी बाजू कटाची, कलम २९. चॅटवरून कट जोडतात. क्रूझ प्रकरणात शाहरुख खानचा मुलगा आर्यन खानला २८ ऑक्टोबर २०२१ रोजी जामीन देताना उच्च न्यायालयाला त्याच्या चॅटमध्ये कटाचा पुरावा दिसला नाही, आणि मे २०२२ मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, दोषारोपपत्रात त्याचं नावच घेतलं नाही. जवळपास चार आठवडे मात्र तो आत होता, तेही देशातले सर्वांत महागडे वकील उभे असताना.

आता करायचं काय. मुलाला जबाबाला जाऊ द्या, टाळाटाळ नको, गावाला तर अजिबात आणू नका. नोटीस लेखी घ्या आणि वकिलाला ठाण्याबाहेर तरी उभा ठेवा. विचारलेल्याला खरं उत्तर द्यायचं, अंदाज सांगायचे नाहीत. ‘तो ओढत असेल बहुतेक’ हे वाक्य दोघांनाही महागात पडतं. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही नाही. ‘लिहून दे, मग सोडतो’ असं कोणी म्हणालं तर हे माहीत असू द्या: तोफान सिंग प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलंय की या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पण एकदा लिहिलेला कागद जामिनाच्या वेळी फिरत राहतोच. अटक झालीच तर कारणं लेखी मागा.

अंगझडती घेतली असेल तर कलम ५० आठवा. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आहे हे त्याला सांगितलं होतं का? हे संरक्षण अंगाच्या झडतीपुरतं आहे, बॅग आणि कपाटाला नाही. कपाटासाठी वेगळं बघायचं: छाप्याचं चित्रीकरण झालं का (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याच्या कलम १०५ मध्ये ते आहे), पंच कोण होते, आणि कलम ५२-अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले की ठाण्यातच. पंचांची नावं नीट वाचा. तीच दोन नावं त्याच ठाण्याच्या इतर पंचनाम्यांत दिसली तर वकिलाला सांगा.

मालक उद्या चौघांनाही बाहेर काढेल, डिपॉझिट अडवेल. त्या भांडणात आज शिरू नका, पण खोली सोडण्याआधी मुलाच्या कपाटाचे, खाटेचे, दाराच्या कुलपाचे फोटो काढून ठेवा, तारखेसह. भाड्याचे ऑनलाइन पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बँकेचं स्टेटमेंट, मेसचं कार्ड, छाप्याच्या दिवशी तो कॉलेजात असेल तर हजेरीपत्रक, एजंटचे मेसेज, पोलिस व्हेरिफिकेशनचा अर्ज भरला असेल तर त्याची पावती, हे सगळं एका फाइलमध्ये घालून पुण्याला या. आणि मुलाला एकांतात एकच विचारा, त्याने कधी काँट्रीत पैसे दिले होते का. उत्तर ‘हो’ असेल तर रागावू नका. वकिलाला ते पहिल्याच भेटीत कळायला हवं.